बाराखडीच्या पुढे : मूल वाचावयास कसे शिकते

जूनच्या मध्यास राज्यातील प्राथमिक शाळांची दारे उघडतात (विदर्भात उन्हामुळे ती थोडी उशिरा उघडतात) आणि पहिलीच्या वर्गांतून बाराखडीचा घोष सुरू होतो. दिवाळीच्या सुमारास वर्गातील पुष्कळशी मुले सारी अक्षरे न अडखळता म्हणून दाखवितात. घरी पाहुणे आले की मुलाला समोर उभे करून ती म्हणवून घेतली जातात. कौतुकही होते. परंतु त्याच मुलाला तक्त्यावरील मधल्याच एखाद्या अक्षरावर बोट ठेवून ‘हे कोणते?’ असे विचारले, तर ते मनातल्या मनात ‘क’पासून आरंभ करते, त्या अक्षरापर्यंत येते आणि मगच उत्तर देते. फळ्यावर ‘बादली’ हा शब्द लिहिला, तर रोज ज्या बादलीने ते स्नान करते ती त्या तीन अक्षरांत दडलेली आहे, याचा त्याला पत्ता लागत नाही. या मुलाला बाराखडी येते. वाचता मात्र येत नाही.

ही अडचण एखाददुसऱ्या मुलाची नाही. ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणस्थितीच्या सर्वेक्षणानुसार, २०१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २७.३ टक्के होती. करोनाकाळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरले. २०२४ मध्ये ते २७.१ टक्के झाले; म्हणजे गमावलेले जवळजवळ सारे परत मिळाले. तरीही चार मुलांतील सुमारे तिघे अजून त्या उताऱ्याच्या अलीकडेच आहेत. तिसरीपासून परिसर अभ्यासाचे धडे आणि गणितातील शाब्दिक उदाहरणे अशी सारी विद्या छापील ओळींमधून मुलासमोर येऊ लागते. ज्याला ती ओळ उलगडत नाही ते मूल वर्गात बसूनही वर्गाबाहेर राहते आणि पुढे हळूहळू खरोखरच शाळेबाहेर पडते. म्हणूनच ५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने आरंभिलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंतच्या मुदतीसह ठरविण्यात आले. हे उद्दिष्ट गाठावयाचे तर मूल मराठी वाचावयास नेमके कसे शिकते आणि कोठे अडते, हे शिक्षकांइतकेच पालकांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

धुळपाटीपासून कोसबाडपर्यंत

पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत मूल धुळपाटीवर बोटाने अक्षर गिरवीत असे. विद्यारंभी म्हटल्या जाणाऱ्या ‘ॐ नमः सिद्धम्’ या वचनाचा ‘ओनामासिधं’ असा अपभ्रंश झाला आणि कोणत्याही गोष्टीच्या आरंभाला ‘ओनामा’ म्हणण्याची रीत भाषेत रुजली. त्या पद्धतीत छडीचा धाक होता हे खरे. पण बोटाने अक्षराचे वळण अनुभवणे ही त्यातील गोष्ट मोलाचीच होती. पुढे माँटेसोरी पद्धतीत खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलाचे बोट फिरविण्यास जे महत्त्व आले, त्याच्याशी धुळपाटीचे नाते सहज जुळते.

बाराखडीलाही सरसकट दोष देण्याचे कारण नाही. कंठापासून ओठांपर्यंत, उच्चारस्थानांच्या क्रमाने लावलेली आपली वर्णमाला ही ध्वनिशास्त्राची उत्तम मांडणी आहे. मात्र ती ज्याला भाषेचे ध्वनी वेगळे ओळखता येतात अशा जाणत्याने केलेली व्यवस्था आहे. कोठारात धान्य लावून ठेवण्याचा क्रम आणि मुलाच्या ताटात घास वाढण्याचा क्रम एकच असला पाहिजे, असे थोडेच आहे?

ही जाण महाराष्ट्रात नवी नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे प्रयोग केले आणि १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, ते ग्रामीण बालकांसाठी सुरू केले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरविण्यात आली. शंख, शिंपले, बिया, पाने, माती हीच तेथील साधने होती. मुलाच्या परिसरातील वस्तू, त्याच्या तोंडचे शब्द आणि त्याची हालचाल यांवर शिक्षण उभारावयाचे, ही त्यामागील दृष्टी होती. वाचनालाही ती तंतोतंत लागू पडते.

आधी कान, मग डोळा

शाळेत पाऊल ठेवणारे सहा वर्षांचे मूल भाषेच्या बाबतीत कोरे नसते. ते भांडते, लाडीगोडी लावते, गोष्ट सांगते, थापही मारते. हजारो शब्द त्याच्या कानात आणि ओठांवर असतात. वाचावयास शिकणे म्हणजे या बोलण्याचे कागदावरील खुणांशी नाते जुळविणे. परंतु बोलताना शब्द अखंड बाहेर पडतो. त्याचे तुकडे होतात याची मुलाला जाणीव नसते. ‘नारळ’ म्हटले की त्याला फळ दिसते. त्या शब्दात ‘ना’, ‘र’ आणि ‘ळ’ आहेत हे त्याच्या ध्यानी नसते. ती जाणीव आधी कानाला व्हावी लागते.

यासाठी महागडी साधने नकोत. शब्द म्हणताना प्रत्येक अक्षराला एक टाळी वाजवावी : ‘मू-ग’ला दोन, ‘बा-ज-री’ला तीन. ‘म’ने सुरू होणाऱ्या घरातील वस्तू शोधून आणावयास सांगावे, मूल मीठ, माठ आणि मुसळ यांच्याकडे धावेल. शब्दांच्या भेंड्या हा तर या कामी अस्सल देशी खेळ होय. समोरच्याने ‘पाऊस’ म्हटले की ‘स’ पकडून ‘ससा’ म्हणावयाचे. यात मूल शब्दाचा शेवटचा ध्वनी कानाने सुटा करते आणि त्याच ध्वनीने आरंभ होणारा शब्द मनात धुंडाळते. बडबडगीते, कोडी, आजीच्या ओव्या यांतील यमकेही हेच काम करतात. ज्या घरात एकही पुस्तक नाही, ज्या घरातील आईला अक्षरओळख नाही, त्या घरातही हे सारे होऊ शकते. वाचनाची अर्धी पूर्वतयारी अशी चुलीपुढे आणि ओट्यावर होते.

सहा अक्षरे आणि एक काना

यानंतर प्रश्न येतो तो कोणती अक्षरे आधी द्यावीत, याचा. ‘क, ख, ग, घ, ङ’ या क्रमाने गेल्यास पाचव्याच पायरीवर ‘ङ’ येतो, ज्याने सुरू होणारा एकही शब्द मुलाच्या बोलण्यात नसतो. शिवाय ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘प’ आणि ‘ष’, ‘थ’ आणि ‘य’ अशा जोड्या डोळ्यांना फसवितात. त्या एका वेळी शिकविल्या तर गोंधळ पक्का होतो. एक अक्षर चांगले ठसल्यावर, काही आठवड्यांच्या अंतराने त्याचे जुळे पुढे आणावे.

अक्षरांचा छोटा गट निवडावा आणि तो शब्द घडविणारा असावा. उदाहरणार्थ न, ळ, घ, र, ब, स ही सहा अक्षरे घेऊ. त्यांतून नळ, घर, बस, रस हे शब्द लगेच तयार होतात. त्यांना केवळ काना जोडला की बाळ, घास, नारळ, बारा, बाबा हे शब्द हाती येतात. आणि मग फळ्यावर लिहावे : ‘बाबा, नारळ बघा.’ शाळेत येऊन फार दिवस झाले नसतानाही मुलाने एक संपूर्ण, अर्थपूर्ण वाक्य स्वतःच्या बळावर वाचलेले असते. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते बाराखडीच्या शंभर आवर्तनांनी उमटत नाही. पुढे प्रत्येक आठवड्यास दोन-तीन अक्षरे आणि मधूनमधून एखादे स्वरचिन्ह अशी भर घालीत जावे.

या रीतीचा दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. ३४ व्यंजने आणि प्रत्येकाची बारा रूपे असा हिशेब केला तर ४०८ अक्षररूपे होतात. (२००९ च्या शासननिर्णयाने प्रमाण वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्थान दिल्यामुळे बाराखडीची आता चौदाखडी झाली आहे.) एवढी सारी रूपे सुटी सुटी पाठ करावयाची म्हटले तर मूल दमून जाईल. परंतु ‘न’चा ‘ना’ होतो तसाच ‘ब’चा ‘बा’ आणि ‘स’चा ‘सा’ होतो, ही युक्ती दोन-चार अक्षरांवर एकदा उमगली की उरलेली रूपे मूल स्वतःच घडविते. तेथे पाठांतराची जागा आकलन घेते. बाराखडीचा तक्ता खरा शोभतो तो या टप्प्यावर. कारण आता मुलाला त्यातील रचना दिसू लागलेली असते.

‘क ला काना का’ अशी उजळणी करण्याची जुनी सवय येथे जपून वापरावी. लिहिताना ती साहाय्यक ठरते. वाचताना मात्र ‘ब ला काना बा, द, ल ला वेलांटी ली’ असे म्हणेपर्यंत बादली कोठल्या कोठे वाहून गेलेली असते.

अडणाऱ्या जागा

मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, असे आपण अभिमानाने म्हणतो. बव्हंशी ते खरे आहे. पण जेथे ते खरे नाही तेथेच मूल अडते, आणि ती अडचण मोठ्यांच्या ध्यानातही येत नाही.

पहिली अडचण अक्षरातील ‘अ’काराची. मूल ‘बदक’ हा शब्द ‘बऽ, दऽ, कऽ’ असा सुटा वाचते. तिन्ही अक्षरे बरोबर असतात, पण त्यांच्या बेरजेतून पाण्यात पोहणारे बदक काही बाहेर येत नाही. कारण बोलताना शेवटचा ‘क’ आपण जवळजवळ हलन्त उच्चारतो आणि ‘दक’ एका झटक्यात म्हणतो. ‘करवत’ तर ‘कर-वत’ अशी येते. अशा वेळी ‘अक्षरे जोड, अक्षरे जोड’ असे बजावून काही साधत नाही. शिक्षकाने शब्दाखालून बोट सावकाश, मग वेगाने फिरवीत तो म्हणून दाखवावा. थोड्याच दिवसांत मूल ते मर्म पकडते.

ऱ्हस्व वेलांटीचे प्रकरण निराळेच आहे. ‘कि’मध्ये ‘इ’ ऐकू येते ‘क’च्या नंतर, पण लिहिली जाते आधी. डावीकडून उजवीकडे शिस्तीने वाचणारे मूल येथे चकते आणि ‘किती’चा पहिला घास त्याच्या घशात अडकतो. म्हणून दीर्घ वेलांटी आधी शिकवावी आणि ऱ्हस्व मागाहून, हे सोयीचे ठरते. अनुस्वाराचेही तसेच. ‘पंख’, ‘घंटा’, ‘संत’ आणि ‘आंबा’ या चार शब्दांत टिंब एकच, पण उच्चार अनुक्रमे ङ्, ण्, न् आणि म् असे चार. येथे नियम सांगू नये. मुलाला शब्द तोंडी येतच असतात. टिंब दिसले की ओळखीचा शब्द आठवावयास शिकवावे. ‘च’ आणि ‘ज’ यांनाही मराठीत दोन दोन उच्चार आहेत. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’, किंवा पृथ्वी या अर्थाचा ‘जग’ आणि ‘जगणे’ यांतील ‘ज’ लिपीत सारखेच दिसतात. फरक केवळ कानाला ठाऊक असतो. या साऱ्या उदाहरणांवरून एक गोष्ट दिसून येईल. मुलाला आधीपासून येत असलेली बोली ही वाचनातील अडथळा नसून त्याची वाट दाखविणारी काठी आहे.

जोडाक्षरांमध्ये सर्वांत त्रास देतो तो ‘र’. ‘प्रकाश’मध्ये तो पायाशी जातो, ‘ट्रक’मध्ये निराळ्या रूपाने पायाशी बसतो, ‘पर्वत’मध्ये डोक्यावर चढतो आणि ‘वाऱ्या’मध्ये आडवा होतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातील खोलगट भाग, हा भेद केवळ एका खुणेवर उभा आहे. दुसरीतील मुलाकडून ही सर्व रूपे महिनाभरात पुरी करून घेण्याचा अट्टहास करू नये. ‘अम्मा’, ‘पक्का’, ‘कच्चा’ यांसारख्या द्वित्तांपासून सुरुवात करून ‘र’ची पाळी सर्वांत शेवटी आणावी.

अर्थ हरवता कामा नये

अक्षरे जुळली तरी काम संपत नाही. काही मुले ओळ खडाखडा वाचतात, पण ‘काय वाचलेस?’ असे विचारले की गप्प राहतात. ‘निपुण’ अभियानाने तिसरीच्या मुलासाठी अपरिचित मजकुरातील मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचण्याचे लक्ष्य ठेवले आहे. त्यातील ‘अर्थासह’ हा शब्द ६० या आकड्याच्या छायेत झाकला जाण्याचा धोका असतो. घड्याळ शिक्षकाच्या अंदाजासाठी आहे. मुलाच्या उरावर ते ठेवू नये.

अर्थाची गोडी लागते ती मोठ्यांनी मुलाला वाचून दाखविल्याने. रोज दहा-पंधरा मिनिटे, शब्दाखाली बोट फिरवीत, गोष्ट वाचावी. मधेच थांबून ‘आता ससा काय करील?’ असे विचारावे. तीच गोष्ट मुलाने पुन्हा मागितली तर कंटाळू नये. पाचव्या वेळी ते पुस्तक हाती घेऊन ‘वाचू’ लागते. ते पाठ असते हे खरे. पण पाठ असलेल्या शब्दांवर बोट ठेवता ठेवताच त्याला अक्षरांची संगती लागते. ‘बालभारती’चे ‘किशोर’ हे मासिक १९७१ पासून मराठी मुलांच्या हाती पडत आले आहे. थोडे मोठे झाल्यावर मूल ते स्वतः वाचेल. तोवर ताई-दादांनी वाचून दाखवावे.

आई-वडील निरक्षर असतील तर? तर मुलाने वाचावे आणि त्यांनी ऐकावे. भाकरी थापता थापता ‘मग पुढं काय झालं?’ एवढे विचारणारी आई मुलाला जे देते ते पुष्कळदा शिकवणीवर्गही देऊ शकत नाही. तिच्या त्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे म्हणजे मुलाला अर्थ समजून घेणे भागच पडते. गावातही वाचावयास पुष्कळ असते. एस. टी.वरील गावाची पाटी, रेशन दुकानाचा फलक, बियाण्याची पिशवी, लग्नपत्रिका, सारेच वाचनपाठ होत. मामाच्या गावाची गाडी पाटी वाचून स्वतः ओळखलेल्या मुलाला वाचनाचा उपयोग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

वऱ्हाडातील मूल ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा आणि ‘केळी’ हा शब्द ‘केयी’ असा वाचते. त्याने चूक केली काय? अक्षरे ओळखली, अर्थ जाणला आणि तो आपल्या बोलीत सांगितला. म्हणजे त्याने वाचनच केले. तेथल्या तेथे टोकले तर त्याचे लक्ष अर्थावरून उडून जिभेवर जाते आणि उद्या ते तोंडच उघडीत नाही. प्रमाण उच्चार कालांतराने, ऐकून ऐकून येतो. ज्यांच्या घरी कोरकू, गोंडी, भिली, वारली किंवा गोरमाटी बोलली जाते त्या मुलांची वाट तर दुहेरी चढणीची असते. त्यांना अक्षरही नवे आणि शब्दही नवा. त्यांच्यासाठी पहिले काही महिने दोन्ही भाषांतून बोलणे, गाणी आणि गोष्टी यांनाच द्यावेत. पहिले वाचनशब्दही दोन्ही भाषांत सामाईक असलेले निवडावेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानून घरच्या भाषेवर भर दिला आहे, तो याच कारणाने.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. दिवाळीच्या आगेमागे कुटुंब कारखान्याच्या वाटेला लागते आणि परतते ते उन्हाळ्याच्या तोंडावर. वाचनाची घडी बसते न बसते तोच ती विस्कटते. मूल आजी-आजोबांकडे मागे राहू शकेल अशी व्यवस्था होणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल तेथे निदान त्याच्यासोबत दोन-तीन ओळखीची गोष्टींची पुस्तके द्यावीत, आणि परतल्यावर वर्ग जेथे पोहोचला असेल तेथून नव्हे, तर मूल जेथे थांबले होते तेथून पुढे सुरुवात करावी.

मागे राहिलेले मूल

चौथी-पाचवीत येऊनही न वाचणाऱ्या मुलाला आपल्याकडे एकाच अक्षरात निकालात काढतात : ‘ढ’. ब्राह्मी लिपीपासून या अक्षराचे वळण फारसे बदललेले नाही, म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची गमतीची उपपत्ती सांगतात. गंमत म्हणून ती ठीक. परंतु मुलाच्या कपाळी ती चिकटविणे अन्यायाचे आहे. आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळा न दिसणारी कित्येक मुले आळशी ठरविली जातात. नियमित आणि नेटक्या प्रयत्नांनंतरही अक्षरे सतत उलटसुलट होत असतील तर अध्ययन-अक्षमतेची शक्यता ध्यानात घेऊन तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला असल्याने अशा मुलांना साहाय्य मिळण्याचा हक्क आहे.

इतर बहुसंख्य मुलांना मात्र हवी असते ती त्यांच्या पायरीवरून केलेली सुरुवात. त्यासाठी रोज तासभर इयत्ता बाजूला ठेवून, अक्षरे ओळखणारी, शब्द वाचणारी आणि परिच्छेद वाचणारी अशा पातळ्यांनुसार मुलांचे गट करावेत. कोणत्या मुलाने कोठे बसावयाचे हे ठरविण्यास लेखी परीक्षा नको. चार अक्षरे, चार शब्द आणि चार सोप्या वाक्यांचा एक अपरिचित उतारा एवढा कागद पुरे. तो शिक्षकाने प्रत्येक मुलाकडून एकट्याने, जवळ बसवून, वाचून घ्यावा. दहा वर्षांच्या मुलापुढे ‘बाबा, नारळ बघा’ हे वाक्य ठेवू नये. त्याला ते बालिश वाटते. अक्षरे तीच, पण मजकूर त्याच्या वयाचा असावा : क्रिकेटचा सामना, बैलपोळा, विहिरीवरचा पंप. दर पंधरवड्यास तोच कागदाचा प्रयोग नव्या उताऱ्यासह करावा आणि पुढे सरकलेल्या मुलाला त्याच दिवशी पुढच्या गटात बसवावे.